‘येते’ न म्हणणारं मूल

पहिल्या भेटीनंतर मी फाइलमध्ये लिहिलेलं टिपण असं आहे: ‘उत्तरं तुटक, बहुतेक नकारार्थी. भाषा वयाच्या मानाने पुस्तकी. नैराश्य?’ प्रश्नचिन्ह कागदावर टाकलं होतं, मनात नव्हतं. पंधरा वर्षांचं मूल, हातावर जुन्या-नव्या जखमा, क्रीडाशिक्षिकेच्या लक्षात आल्यावर शाळेने पाठवलेलं. चाळीस मिनिटांत ऐकायला मिळालं ते एवढंच: मी खेळत नाही. मी कुणाशी बोलत नाही. मला झोप येत नाही. एकटं वाटतं. निघताना आपण सगळे सवयीने ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतो. या मुलाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘निघायला हवं.’

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. हे प्रकरण कुणा एका मुलाचं जसंच्या तसं नाही. अशा कामात वारंवार दिसणाऱ्या प्रसंगांतून ते शिवलेलं आहे आणि ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. जखमा कशा आणि कशाने केल्या, हेही लिहिणार नाही, कारण त्या तपशिलाने कुणाचं भलं होत नाही. वाचणाऱ्या कुणाच्या मनात आत्ता स्वतःला इजा करण्याचे विचार असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि भरवशाच्या एका माणसाला किंवा हेल्पलाइनला आधी सांगा. लेख कुठे पळून जात नाही.

जन्माच्या वेळी या मुलाची नोंद मुलगी अशी झाली होती. तो स्वतःला मुलगा समजतो, आणि हे त्याला बऱ्याच आधीपासून माहीत होतं. मी इथे त्याला ‘तो’ म्हणणार आहे, पण पहिल्या दोन भेटींत मी ‘ती’च लिहिलं होतं, कारण मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही काही विचारलं नव्हतं.

जखमांबद्दल मात्र पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. ‘मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती पालकांना असते, शिक्षकांना असते, नवख्या समुपदेशकांनाही असते. ती निराधार आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांचे खांदे सैल पडतात. त्याने थोडा वेळ घेतला. ‘मरायचं नाहीये. थांबवायचंय.’ काय थांबवायचंय? ‘डोक्यातला गलका.’

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, आत्महत्येच्या हेतूविना स्वतःला केलेली इजा अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांमध्ये ठेवली आहे. वर्षभरात 5 किंवा जास्त दिवस असं घडलं असावं, हा त्यातला एक निकष. मुलाच्या बाबतीत तो केव्हाच ओलांडला गेला होता. पण ‘हेतू नाही’ या शब्दांवर कुणी निवांत होऊ नये. आज हेतू नसतो, पण स्वतःला इजा करण्याचा इतिहास हा पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाकडे बोट दाखवणाऱ्या ठळक खुणांपैकी एक आहे. जोखमीचे गुण मोजणाऱ्या प्रश्नावल्याही इथे फार कामाच्या नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की पुढे इजा किंवा आत्महत्या होईल का, याचं भाकीत करायला अशा मोजपट्ट्या वापरू नका. गरज कशाची आहे ते पाहा, सुरक्षित कसं राहता येईल ते ठरवा.

तसं करायला बसलो. सुरक्षा-योजना हा शब्द जड वाटतो, प्रत्यक्षात तो एक कागद असतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली तिची रचना सहा पायऱ्यांची आहे: धोक्याची चाहूल कशी लागते, स्वतःला सावरायला एकट्याने काय करता येतं, मन दुसरीकडे वळायला कुठे किंवा कुणाकडे जाता येतं, मदत कुणाकडे मागता येते, कोणत्या व्यावसायिकाला गाठायचं, आणि आसपासची जागा सुरक्षित कशी करायची. मुलाने पहिल्या पायरीवर लिहिलं: ‘बोलता येत नाही तेव्हा.’ मला वाटलं, रडू कोंडतं तेव्हा. पुढच्या ओळीकडे गेले.

तिसऱ्या भेटीआधी जुनी टिपणं वाचत होते. मला मुलांची वाक्यं शब्दशः लिहून घ्यायची सवय आहे, आणि सहकारी तिची थट्टा करतात. सहा पानं वाचून झाली तेव्हा काहीतरी खटकलं. पुन्हा वाचली. ‘मी’ने सुरू होणाऱ्या इतक्या वाक्यांत एकही ‘आले’ नव्हतं, एकही ‘गेलो’ नव्हतं. ‘जाते’ नव्हतं, ‘जातो’ नव्हतं. ‘होते’ नाही, ‘होतो’ नाही. ‘दमले’ म्हणायच्या ठिकाणी ‘दमायला होतं’. ‘म्हणाले’च्या जागी ‘मी सांगितलं’. ‘मी विसरले’ नाही, तर ‘आठवत नाही’. शाळेबद्दल बोलताना ‘आम्ही’. आणि ‘एकटी आहे’ऐवजी ‘एकटं वाटतं’.

मराठी बोलणाऱ्याला हे सांगायला नको, पण आपण कधी थांबून पाहत नाही म्हणून सांगते. आपल्या भाषेत माणूस स्वतःबद्दल साधं ‘मी आले’ म्हणतो तेव्हाच लिंग सांगून मोकळा होतो. पळवाटा मात्र आहेत. नकारात लिंग दिसत नाही: ‘मी जात नाही’ कुणीही म्हणू शकतं. ‘मी जात आहे’ हे पुस्तकी रूपही चालतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’ सुरक्षित. ‘मला’ने सुरू झालेलं वाक्य सुरक्षित. ‘आम्ही आलो’ सुरक्षित. मुलाने या सगळ्या पळवाटा कुणी न शिकवता शोधल्या होत्या आणि दिवसभर, प्रत्येक वाक्याआधी, तो त्यांतून वाट काढत होता. मी ज्याला नकारार्थी म्हटलं होतं ते व्याकरण होतं. पुस्तकी भाषाही व्याकरणच होती.

मग नैराश्य नव्हतं का? होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम तीव्रतेचं नैराश्य नोंदवलं आणि त्याच्या उपचारांकडे त्यांनीच पाहिलं. माझी चूक निदानाची नव्हती. मी उत्तरं मोजली, पण ती कशाला चुकवत चालली आहेत ते ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या सहा पानांत होती, किंवा खरं तर नव्हती. भविष्यकाळात ‘मी जाईन’, ‘मी करीन’ असं मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. म्हणजे या मुलासाठी आख्ख्या भाषेतली सगळ्यात मोकळी जागा भविष्यकाळ होती, आणि तिथे तो एकदाही गेला नव्हता. हे वाचून मात्र मी घाबरले.

तिसऱ्या भेटीत मी काही उलगडून सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘मनातल्या मनात बोलताना “मी”नंतर काय येतं?’ बराच वेळ पंख्याचा आवाज. मग त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि एकाखाली एक तीन शब्द लिहिले.

आलो.
गेलो.
दमलो.

बोलून दाखवले नाहीत. कागद माझ्याकडे सरकवला आणि बोटाने ‘दमलो’वर दोनदा टकटक केलं. मी विचारलं, इथे काय म्हटलेलं चालेल? ‘इथे “रे” चालेल. बाहेर नको. आईसमोर तर नकोच.’ हे तिसरं वाक्य महत्त्वाचं. मोठ्यांचा उत्साह कधीकधी इथेच घात करतो. मूल एका खोलीत बोललं म्हणून चारही खोल्यांत तशीच हाक मारायला लागायचं नसतं. कुठे, कुणासमोर, कोणता शब्द, हे त्याने ठरवायचं आणि आपण लिहून घ्यायचं.

शब्दांवरून आठवलं. वर्गातल्या मुलांनी त्याला ‘तृतीयपंथी’ म्हणून चिडवलं होतं. लेखांमधला ‘पारलिंगी’ हा शब्द त्याला परीक्षेतल्या व्याख्येसारखा वाटायचा. तो स्वतःला ‘ट्रान्स’ म्हणायचा, तेही क्वचित. ‘मुलगा म्हटलं तरी पुरे,’ असं एकदा म्हणाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणाला 2019 मध्ये मान्यता मिळाली आणि 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झालं. त्यात लिंगविसंगती, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग जुळत नसणं, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. म्हणजे मुलगा असणं हा त्याचा आजार नव्हता. नैराश्य आजार होतं, आणि इजा त्या ताणाखाली सापडलेली एक वाईट वाट होती. पालकांशी बोलताना या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणं फार कठीण जातं, कारण त्यांना एकच कारण आणि एकच औषध हवं असतं.

ताण नेमका कुठून येत होता? इलन मेयर यांनी 2003 मध्ये समलैंगिक आणि उभयलैंगिक व्यक्तींबद्दल मांडलेलं ‘अल्पसंख्याक ताणा’चं प्रारूप सांगतं की अशा माणसांचा जास्तीचा त्रास त्यांच्या असण्यातून येत नाही. तो आसपासच्या वागणुकीतून येतो, नकाराच्या सततच्या अपेक्षेतून येतो आणि लपवण्याच्या श्रमातून येतो. 2012 मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी ते ट्रान्स व्यक्तींना लावून पाहिलं. लपवण्याचे श्रम हे शब्द मी अनेकदा वाचले होते, पण एक मूल रोज शेकडो क्रियापदं गाळत असेल असं चित्र डोळ्यांसमोर आलं नव्हतं. या विषयावरचं बरंचसं लिखाण इंग्रजीत आहे. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नसतं, म्हणून तिथली चर्चा दुसऱ्यांनी वापरायच्या सर्वनामांभोवती फिरते. मराठीत मुलाला आधी स्वतःच्याच तोंडून चुकीचं ठरावं लागतं. दुसरे नंतर येतात, ‘आलीस का गं?’ म्हणत.

त्याने तीन आठवडे एक साधी नोंद ठेवली: इच्छा कधी झाली, त्याआधीच्या तासाभरात काय झालं. शरीराचा त्रास त्यात होताच. पाळीचे दिवस वाईट जायचे आणि ते तसे जाणार हे तो आधीच सांगायचा. पण बाकीच्या नोंदींत मोठ्या घटना जवळजवळ नव्हत्याच. वर्गात उभं करून ‘काल का आली नव्हतीस?’ विचारणं. नातेवाइकांचा फोन हातात देऊन ‘बोल गं’ म्हणणं. नाटकाच्या तालमीत स्त्रीपात्राचा उतारा मोठ्याने वाचायला लावणं, आणि बाईंचं कौतुक, ‘किती गोड वाचलास गं!’ अशा वेळी तोंड बंद व्हायचं, मग गलका, मग घरी येऊन दार. सुरक्षा-योजनेवर त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: बोलता येत नाही तेव्हा. मी वाचलं होतं आणि पुढच्या ओळीकडे गेले होते.

मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांच्या 2004 च्या मांडणीत स्वतःला इजा करण्याची चार कामं सांगितली आहेत: नकोशी भावना घालवणं, काहीतरी जाणवून घेणं, दुसऱ्याकडून नको ते टाळणं, आणि दुसऱ्याचं लक्ष किंवा मदत मिळवणं. लोकांना चौथंच तेवढं ठाऊक असतं: ‘लक्ष वेधण्यासाठी करतात.’ या मुलाच्या नोंदीत जवळजवळ सगळं पहिल्या कप्प्यात पडत होतं. मिळणारा आराम क्षणभराचा असायचा आणि मागून शरम यायची, जी पुढच्या गलक्यात भर घालायची. हे त्यानेच चक्रासारखं काढून दाखवलं.

आता घरचं. जखमांबद्दल आईवडिलांना सांगणं भाग होतं आणि ते मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. जिवाला धोका असेल ते मी गुप्त ठेवणार नाही, बाकी तुझ्या परवानगीशिवाय नाही. त्यामुळे एक विचित्र महिना गेला. आईला इजा ठाऊक, कारण ठाऊक नाही. तिने अभ्यासाचा ताण धरला, मोबाइल काढून घेतला आणि खोलीच्या दाराची कडी काढून टाकली. घाबरलेल्या आईने हे करू नये तर काय करावं! पण मोबाइलवर तिघा मित्रमैत्रिणींचा एक गट होता, आणि फक्त तिथेच त्याला त्याच्या नावाने हाक मारली जात होती. तो आठवडा फाइलमधला सर्वात वाईट आठवडा आहे.

नावाचं महत्त्व भावनिक बोलणं वाटत असेल तर एक अभ्यास सांगते. स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 15 ते 21 वयाच्या 129 ट्रान्स तरुणांना विचारलं होतं की घर, शाळा, काम आणि मित्र या चारपैकी किती ठिकाणी तुम्हाला तुमचं निवडलेलं नाव वापरता येतं? प्रत्येक जास्तीच्या ठिकाणामागे आत्महत्येचे विचार 29 टक्क्यांनी आणि आत्महत्येचं वर्तन 56 टक्क्यांनी कमी आढळलं. अभ्यास लहान आहे, आणि नाव वापरल्यानेच फरक पडला असं त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या घरात नाव स्वीकारतात तिथे इतरही बरंच बरं असतं. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्याच वर्षी रसेल टूमी आणि सहकाऱ्यांनी ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या 11 ते 19 वयाच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष दिले होते. ट्रान्स मुलग्यांपैकी 50.8 टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं. हा आकडा मी पालकांना कधीच सांगत नाही. तो ऐकला की ते मुलाकडे मूल म्हणून पाहायचं थांबतात आणि पहारा सुरू करतात.

मोबाइल परत मिळवायला मला आईशी भांडावं लागलं नाही. सुरक्षा-योजनेतल्या चौथ्या पायरीवर त्या तिघांची नावं होती, तीच दाखवली. कडीच्या बदल्यात ठरलं की दार लोटलेलं राहील, आई टकटक करून आत येईल, आणि इजा करता येईल अशा वस्तू घरात सहज हाताशी राहणार नाहीत. वडील हे सगळं ऐकून म्हणाले, ‘तिला जरा समजवा.’ काय समजवू, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या भेटीत त्याने आईला सांगितलं. मी समोर होते. कागदावर लिहून आणलं होतं, वाचलं मात्र नाही, तिच्या हातात दिलं. आई दोनदा वाचून म्हणाली, ‘मी कुठे कमी पडले?’ मग रागावली, मग मैत्रिणींच्या नादाबद्दल बोलली, मग रडली. मी तिला ‘स्वीकारा’ असं म्हटलं नाही. त्या दिवशी ते तिला शक्य नव्हतं, आणि तोंडदेखला स्वीकार मुलांना लगेच कळतो. मी एकच मागितलं. ‘रे’ म्हणायला जमणार नसेल तर नका म्हणू. पण “गं” तेवढं थांबवता येईल का?

ही मागणी छोटी आहे, आणि मराठीत ती शक्य आहे. ‘जेवलीस का गं?’च्या जागी ‘जेवण झालं का?’ ‘उठलीस का?’च्या जागी ‘उठायचं नाही का?’ ‘कुठे गेली होतीस?’ला ‘कुठे जाणं झालं?’ म्हणणं जरा नाटकी होतं, त्यावर दोघंही हसली. ज्या पळवाटांमधून मूल वर्षानुवर्षं एकटं चाललं होतं, त्यांतून आता आईही चालू लागली. ‘बाळा’ तर तिच्या तोंडात होतंच. चार दिवसांनी तिचा मला प्रश्न आला: ‘“शहाणं माझं ते” चालेल का?’ हा प्रश्न मी सगळ्या फाइल्सच्या आधी ठेवते.

शाळेत गणिताच्या शिक्षकांनी न सांगताच प्रश्न सोडवला होता, कारण ते सगळ्या मुलांना ‘तुम्ही’च म्हणतात. हजेरी क्रमांकाने घ्यायचं ठरलं. नाटकातला उतारा बदलून मिळाला नाही, मग त्याने तालीम सोडली. सगळीकडे जमतंच असं नाही.

समांतर उपचार चालूच होते. मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीतली कौशल्यं आम्ही वापरली. किशोरवयीनांसाठीच्या तिच्या आवृत्तीचा उपयोग इजा कमी करायला होतो, असं नॉर्वेतल्या 77 मुलांवरच्या 2014 च्या चाचणीत दिसलं आहे. इच्छेची लाट येते, चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत थांबायला शिकणं, हा त्यातला त्याला सर्वात पटलेला भाग. हार्मोन्स किंवा पौगंडावस्था रोखणाऱ्या औषधांबद्दल त्याने विचारलं तेव्हा मी त्याला तज्ज्ञांकडे पाठवलं आणि स्वतः मत दिलं नाही. एप्रिल 2024 मध्ये ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अहवालाने या औषधांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं, त्यावर अनेक वैद्यकीय संघटनांचा आक्षेप आहे, आणि तो वाद माझ्या खुर्चीत बसून मिटणारा नाही. ‘गं’ थांबवायला मात्र कुठल्याच अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

इजा थांबली का? कमी झाली, मग दोनदा परतली. एकदा परीक्षेच्या अर्जावर नाव आणि लिंग स्वतःच्या अक्षरात भरावं लागलं त्या संध्याकाळी. दुसऱ्या वेळचं कारण त्यालाही सापडलं नाही. दोन्ही वेळा त्याने आपणहून कळवलं. पहिल्या वेळी संदेश होता: ‘मी ते केलं. उद्या येईन.’ जखम आईने डॉक्टरांना दाखवली होती. मी संदेशातलं दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, कारण भविष्यकाळ फाइलमध्ये पहिल्यांदाच आला होता.

माझ्याकडून निघताना तो अजूनही ‘निघायला हवं’च म्हणतो. मी त्याबद्दल कधी बोलले नाही.

मागच्या महिन्यात संध्याकाळी साडेसातला आईचा फोन आला, धापा टाकत. ‘तो अजून घरी आला नाहीये. क्लास सहाला सुटला. फोन उचलत नाहीये. दुपारी नुसतं “येतो” म्हणून बाहेर पडला, कुठे जाणार ते धड सांगितलंही नाही.’ मी तिला सुरक्षा-योजनेतली ती तीन नावं एकेक करून फिरवायला सांगितली आणि फोन जवळ घेऊन बसले. वीस मिनिटांनी तिचा संदेश आला.

‘आला. मित्राकडे होता. चार्जिंग संपलं होतं म्हणे. जेवायला बसलाय.’